दाढ काढल्यानंतरचे पथ्य आणि 'धूम्रपान' हा शब्द

दात किंवा दाढ काढून झाल्यावर रुग्णाच्या हाती सूचनांचा जो कागद दिला जातो, त्यात एक वाक्य बहुधा असतेच : 'धूम्रपान व मद्यपान वर्ज्य करावे.' वैद्यकाच्या दृष्टीने या वाक्यात तिळमात्र चूक नाही. व्याकरणाच्या दृष्टीनेही नाही. तथापि ज्याच्यासाठी ते लिहिले आहे त्याला ते आपल्यासाठी आहे असे वाटत नाही, हा त्यातील दोष होय; आणि हा दोष भाषेचा असल्यामुळे त्याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करावयास हवा. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे गाव आहे. तेथील बोलीत तंबाखूविषयी कोणते शब्द चालतात आणि कोणते चालत नाहीत हे पाहिले, म्हणजे सदर वाक्य नेमके कोठे अडते ते ध्यानात येते. मात्र त्यापूर्वी त्या वाक्यामागील शारीरिक कारण नीट समजून घेणे अवश्य आहे; कारण शब्द योग्य की अयोग्य हे अखेर वस्तूच्या स्वरूपावरूनच ठरावयाचे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात अस्थींची गणना करताना ३२ दातांबरोबर ३२ 'दंतोलूखले' निराळी मोजली आहेत. उलूखल म्हणजे उखळ. जबड्याच्या हाडात दाताचे मूळ ज्या पोकळीत रोवलेले असते तिला हे नाव दिले आहे, आणि आजही याहून समर्पक शब्द सुचणे कठीण आहे. दात उपसला की हे उखळ रिकामे होते. काही मिनिटांतच ते रक्ताने भरते आणि ते रक्त गोठून तेथे गुठळी बसते. आरशात काळपट लाल गोळा दिसला की रुग्णाला ती घाण वाटते व जोराने चूळ भरून ती काढून टाकण्याची इच्छा होते. वस्तुतः पुढील सर्व भरणीचा तोच पाया होय. ही गुठळी उघड्या हाडाला आणि तेथील संवेदनशील मज्जातंतूंना झाकते. तिच्यातील तंतूंच्या जाळीत नव्या रक्तवाहिन्या व नव्या पेशी शिरतात. त्यांच्या आधाराने हिरडी कडेने आत सरकू लागते. वरचा भाग मिटण्यास साधारणतः तीन-चार आठवडे आणि आत हाड भरून येण्यास कित्येक महिने लागतात.

ही गुठळी अकाली विरघळली किंवा सुटून निघाली, तर हाड उघडे पडते. या अवस्थेस दंतवैद्य 'ड्राय सॉकेट' म्हणतात. क्रॉफर्ड या अमेरिकन दंतवैद्याने १८९६ साली हे नाव प्रथम वापरले, आणि पुढे अधिक शास्त्रशुद्ध नावे सुचविली जाऊनही व्यवहारात तेच टिकले. नाव काहीसे फसवे आहे. रुग्णाला तेथे कोरडेपणा जाणवत नाही, जाणवतो तो ठणका. दाढ काढल्यानंतर पहिले दुखणे ओसरू लागते आणि पहिल्या ते तिसऱ्या दिवसांच्या दरम्यान ते एकाएकी उलटते. कळ कानापर्यंत, कानशिलापर्यंत जाते. तोंडाला दुर्गंधी येते. नेहमीच्या गोळ्यांनी उतार पडत नाही. 'दाढेचा तुकडा आतच राहिला' अशी रुग्णाची ठाम समजूत होते, आणि ज्याने दाढ काढली त्याच्या कौशल्याविषयी गावात बोलबाला होतो. उपाय अवघड नसतो. पोकळी मिठाच्या निर्जंतुक पाण्याने हलकेच धुऊन तीत लवंगतेलातील युजेनॉल असलेली औषधी पट्टी ठेवतात. परंतु भरून येण्यास आणखी आठ-दहा दिवस जातात, पुनःपुन्हा जावे लागते. आणि रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला ही खेप, ही बुडालेली मजुरी, मूळच्या दाढदुखीपेक्षाही महाग पडते.

हा विकार किती जणांना होतो? सामान्यतः दात काढलेल्या शंभर जणांपैकी एक ते पाच जणांना. खालच्या जबड्यातील अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढली तर हे प्रमाण शेकडा ३० पर्यंत गेल्याचे आढळून आले आहे. खालच्या जबड्याचे हाड अधिक घट्ट व रक्तपुरवठा त्या मानाने कमी, हे त्याचे एक कारण सांगतात. आता तंबाखू ओढण्याचा परिणाम पाहावा. अनेक संशोधनांचे निष्कर्ष एकत्र करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात, ओढणाऱ्यांमध्ये हा विकार शेकडा सुमारे १३.२ जणांना व न ओढणाऱ्यांमध्ये शेकडा सुमारे ३.८ जणांना झाल्याचे दिसले. म्हणजे धोका तिपटीहून अधिक.

हा धोका निर्माण होण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. पहिली वाट निव्वळ यांत्रिक आहे. झुरका घेताना गाल आत जातात, तोंडात पोकळी निर्माण होते आणि कोवळी गुठळी जागची हलू शकते. दुसरी निकोटिनची. या द्रव्याने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व ज्या ठिकाणी रक्त अधिक हवे तेथेच ते कमी पोचते. तिसरी वाट धुरातील कार्बन मोनॉक्साइडची. तो रक्तातील प्राणवायूची जागा अडवितो, आणि प्राणवायूवाचून जखम भरत नाही. शिवाय धुराची उष्णता आहे, त्यातील दाहक द्रव्ये आहेत. आणि बधिरतेच्या इंजेक्शनाचा अंमल दोन-तीन तास टिकत असल्याने त्या अवधीत पेटती विडी ओठाला लागली तरी कळत नाही. विडीच्या बाबतीत यांत्रिक वाट विशेष महत्त्वाची म्हटली पाहिजे. टेंभुर्णीचे पान कागदासारखे सहज जळत नाही. विडी विझू नये म्हणून ती वारंवार व जोराने ओढावी लागते. चिलमीबद्दल तर बोलावयासच नको.

येथे भाषेचा संबंध येतो. मराठीने या क्रियेला जे क्रियापद दिले आहे ते 'ओढणे' होय. विडी ओढतात, चिलीम ओढतात, दोर ओढतात, श्वास ओढतात. हिंदीत विडी 'पितात'. तेलुगूत धूर 'पितात'. बंगालीत तंबाखू ओढण्यालाही 'खाणे' या अर्थाचेच क्रियापद चालते. या सर्व भाषांनी नवी क्रिया अन्नपाण्याच्या जुन्या क्रियापदात बसविली. मराठीने मात्र गालांच्या व श्वासाच्या हालचालीकडे पाहून शब्द निवडला. दाढ काढल्यानंतर जी हालचाल घातक तिचेच नाव मराठीत त्या व्यसनाला पडले आहे. 'ओढू नका' एवढे म्हटले की कारणही सांगून होते. असे असता सूचनेच्या कागदावर 'धूम्रपान' हा शब्द का यावा?

या शब्दाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. संस्कृतात धुराला 'धूम' म्हणतात; 'धूम्र' हे मुख्यतः विशेषण असून त्याचा अर्थ धुरकट, धुराच्या रंगाचा असा आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत शब्द येतो तो 'धूमपान' असाच. मराठीत व हिंदीत आज जो 'धूम्रपान' रूढ आहे तो या काटेकोर अर्थाने अशुद्ध ठरेल. पण रूढी झाली, तिच्याशी भांडण नको. महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. चरकाच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात धूमपान हा आरोग्याचा विधी म्हणून सांगितला आहे. सुगंधी व औषधी वनस्पतींची वर्ती करून तिचा धूर नळीतून घ्यावयाचा; तो केव्हा घ्यावा याचे काळ सांगितले आहेत, त्यांत दात घासून झाल्यानंतरचाही काळ आहे; आणि ज्या तक्रारींवर तो उपयोगी मानला त्यांत दंतशूलही आहे. अर्थात यात तंबाखूचा संबंध नाही. तंबाखू या देशात आली ती पोर्तुगिजांच्या मागोमाग. विजापुरास ती पाहून असद बेग याने ती सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी अकबराच्या दरबारात नेली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. म्हणजे उत्तरेच्या दरबारास ती नवलाची वाटली तेव्हा दक्षिणेत ती पोचलेली होती. जुन्या औषधाचे नाव नव्या व्यसनाला लागले, आणि विधीचा शब्द निषेधाचा झाला.

शब्द बदलला तरी त्यामागील समजूत पूर्णपणे गेली नाही. दाढेतील 'कीड' पडावी म्हणून रिंगणीच्या बियांची धुरी घेण्याची चाल खेड्यांतून परिचित आहे. दुखऱ्या दाढेखाली तंबाखूची चिमूट धरणे, हिरडी ठणकू लागली की मिश्री लावणे, हे तर घरोघरचे उपचार. तेव्हा ज्या वस्तूला रुग्ण दाढेचे औषध समजतो तीच त्याला दाढ काढल्यावर टाळावयास सांगावयाची आहे, हे सूचना लिहिणाराने विसरता कामा नये. दाढ काढल्यावर दुखू लागले की हात आपोआप चंचीकडे जातो. त्यामुळे दुखणे वाढते. वाढले म्हणून पुन्हा चंची.

पिंगळीच्या बोलीकडे वळू. हा सर्व मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि शेजार दखनीचा. त्यामुळे येथे 'विडी'पेक्षा 'बिडी' अधिक ऐकू येते व 'ओढणे'च्या जोडीला 'पिणे'ही कानी पडते. 'धूम्रपान' हा शब्द मात्र या मार्गाने आलेला नाही. तो एस. टी.च्या गाडीतील पाटीवरून आला, आगगाडीच्या डब्यातून आला, आणि सार्वजनिक ठिकाणी ओढण्यास बंदी करणारे नियम २००८ साली लागू झाल्यानंतर कचेऱ्यांच्या भिंतींवरून आला. याचा परिणाम असा की सामान्य माणसाच्या मनात तो शब्द एखाद्या क्रियेचे नाव म्हणून वावरत नाही, जागेच्या नियमाचे नाव म्हणून वावरतो. गाडीत धूम्रपान करावयाचे नसते. गाडीतून उतरल्यावर बिडी पेटवावयाची असते. दवाखान्याच्या कागदावर तोच शब्द वाचला की त्याचा अर्थ 'दवाखान्यात ओढू नये' असा लावला जातो, आणि पायरी उतरताच त्याची मुदत संपते.

या भागातील एका वृद्ध शेतकऱ्याशी झालेले पुढील बोलणे प्रस्तुत लेखकाच्या टिपणवहीत आहे. दाढ काढून दोन दिवस झाले होते. गालाला फडके गुंडाळलेले होते.

'मामा, डॉक्टरांनी धूम्रपान करू नका म्हणून सांगितलं होतं ना?'

'सांगितलं न्हवं. पर म्या कुठं करतोय? आपल्याला तसलं काई व्यसन न्हाई. बिडी वढतो तेवढी.'

यात चेष्टा नव्हती, लबाडीही नव्हती. 'धूम्रपान' हे व्यसन, शहरी आणि सिगारेटचे. 'बिडी वढणे' ही दिवसाच्या कामाची विसाव्याची जागा. दोन शब्द, म्हणून दोन वस्तू. समानार्थी शब्दांची यादी कोशात जितकी निरुपद्रवी दिसते तितकी ती व्यवहारात नसते, याचे याहून स्पष्ट उदाहरण वर्गात देण्यास मला तरी अद्याप मिळालेले नाही.

परंतु 'धूम्रपान'ऐवजी 'बिडी' लिहिले म्हणजे भागले असेही नाही. प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी राष्ट्रीय पाहणी २०१६-१७ साली झाली तिच्यानुसार महाराष्ट्रात शेकडा ३.८ प्रौढ तंबाखू ओढतात, तर शेकडा २४.४ प्रौढ ती धुरावाचून घेतात. ओढणारा एक, तर खाणारे, ठेवणारे, लावणारे मिळून सहांहून अधिक. दवाखान्याच्या कागदावरील धुराचा शब्द या सहांना मुळीच शिवत नाही. आणि त्यांच्या क्रिया तरी किती! तंबाखू मळतात, चुना लावून बार भरतात, गालफडात धरतात, चघळतात, थुंकतात. मिश्री भाजतात, बोटाने हिरड्यांना लावतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तिच्यामुळे ही क्रियापदे बोलीतून गेली, असे मात्र म्हणवत नाही.

दाढेच्या जखमेविषयीचे बहुतेक संशोधन ओढण्याविषयी झालेले आहे, हे खरे. म्हणून खाण्याची तंबाखू निर्धोक ठरत नाही. रक्तवाहिन्या आकुंचित करणारे निकोटिन तिच्यातही असते, आणि चुन्यामुळे ते तोंडाच्या अस्तरातून अधिक वेगाने शोषले जाते. चुना स्वतः दाहक आहे. चुरा जखमेत जातो. तो काढण्यासाठी जीभ, बोट वा काडी तेथे जाते. पुनःपुन्हा थुंकताना तोंडात जी ओढ निर्माण होते ती झुरक्याच्या जातीची आहे. मिश्रीचे तर बोटच थेट हिरडीवर फिरते. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांना 'तंबाखू खाता का?' असे विचारले असता उत्तर 'नाही' असे येते, आणि ते उत्तर त्यांच्या दृष्टीने सत्य असते. मिश्री खात नाहीत, लावतात. प्रश्नातील क्रियापद चुकले की उत्तर चुकते, व त्यावर आधारलेली सूचनाही चुकते.

आणखी एक अडचण कोटीची आहे. आपल्याकडे 'पथ्य' ही संस्था फार बळकट आहे. दाढ काढल्यावर तेलकट, तिखट, आंबट यांपैकी काही खाऊ नये असे सांगितले, तर ते निष्ठेने पाळले जाते. सांगितले नाही तरी घरातील वडीलधारी माणसे ते पाळावयास लावतात. पण पथ्य हे अन्नाचे असते, आणि तंबाखू, 'खाणे' हे क्रियापद तिला लागत असले तरी, अन्न मानली जात नाही. एकादशीच्या उपवासाला ती चालते, हा याचा निर्णायक पुरावा. पथ्यात जे अंतर्भूत नाही त्याची बंदी ही बाहेरची, उपदेशाची बंदी वाटते. आणि व्यसनावरील उपदेश ऐकून घेण्याची व सोडून देण्याची आपल्या समाजाला दीर्घ सवय आहे. तंबाखूचे नाव पथ्याच्या यादीत, मिरची व लोणच्याच्या शेजारी, आले पाहिजे. तेथे ती व्यसन म्हणून नव्हे तर जखमेला न मानवणारी वस्तू म्हणून येईल. व्यसन सुटावे ही इच्छा योग्यच आहे, पण दाढेच्या कागदावर ती दुसऱ्या क्रमांकाची मानावी, असे मला वाटते.

मुदतीचेही असेच. ओढण्याचे पथ्य निदान ७२ तास पाळावे व शक्य तर आठवडाभर, असे दंतवैद्य सांगतात. ७२ तासांचे भाषांतर 'तीन दिवस' असे केले जाते, आणि येथे मराठी मोजणी आड येते. आपण दिवस मोजतो ते आरंभीचा दिवस धरून. सात दिवसांच्या अवधीला 'आठवडा' हे नाव पडले ते याच रीतीने. सोमवारपासून सोमवारपर्यंत आठ. सोमवारी दुपारी दाढ काढली, तर तिसरा दिवस बुधवार होय. बुधवारी सकाळी बिडी पेटविणाराने आपल्या समजुतीप्रमाणे तीन दिवस पाळलेले असतात. प्रत्यक्षात पुरते दोन दिवसही झालेले नसतात, आणि गुठळी ढळण्याचा व ठणका उठण्याचा काळ तर नेमका हाच. त्यापेक्षा वाराचे नाव घ्यावे : 'सोमवारी काढली, शुक्रवार उजाडेपर्यंत नाही.' किंवा आठवडी बाजाराचा आधार घेऊन 'पुढच्या बाजारापर्यंत' म्हणावे. त्यात तासांचा हिशेब नाही, आणि अवधी पुरेसा मिळतो.

'गुळण्या' व 'चूळ' यांचा घोळ यापेक्षा लहान, पण दुर्लक्षण्याजोगा नव्हे. पहिले २४ तास तोंड खळखळून धुवावयाचे नसते. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच धुवावयाचे असते. कागदावर 'गुळण्या कराव्यात' एवढेच असते. जो गुळण्या म्हणजे जोरात चूळ असे समजतो तो पहिल्याच संध्याकाळी गुठळी धुऊन टाकतो. 'पाणी तोंडात धरा, मान कलती करा, आपोआप सांडू द्या' असे सांगितल्यास संदिग्धता राहत नाही.

तेव्हा कागद बाजूला ठेवून दंतवैद्याने तोंडी काय सांगावे? नमुना म्हणून पुढील बोलणे पाहावे. 'मामा, दाढेच्या जागी आता ओली खपली बसली आहे. गुडघ्याची खपली काढली की पुन्हा रक्त येतं ना, तसंच हिचं आहे. हा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा. बिडी, चिलीम, सिगारेट काही ओढायचं नाही. नळीनं काही चोखायचं नाही. तंबाखूचा बार धरायचा नाही, पिचकारी मारायची नाही. पुढच्या बाजारापर्यंत हे पथ्य. ओढलं तर खपली सुटेल आणि दाढेपेक्षा जास्त ठणकेल.' स्त्री असेल तर 'मावशी, मिश्री लावता का?' हा प्रश्न आधी, स्वतंत्रपणे, आणि दोषारोपाचा सूर न येऊ देता विचारावा लागेल. शरीरशास्त्राच्या दृष्टीने गुठळी म्हणजे वाळलेली खपली नव्हे, असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे. परंतु 'खपली' या शब्दात ती न काढण्याचे लहानपणापासूनचे शिक्षण सामावलेले आहे, आणि 'रक्तगुठळी' या शब्दाने हृदयविकाराची भीती तेवढी जागी होते. बोलीतला थोडा सैल शब्द येथे शास्त्रातल्या घट्ट शब्दापेक्षा अधिक अचूक काम करतो.

'भरणे' या क्रियापदाविषयी एक शंका उरते. जखम 'भरते' असे आपण म्हणतो, आणि उखळ तर भरण्यासाठीच असते; त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनंतरही खड्डा जाणवला तर 'अजून भरतेय' म्हणून माणूस थांबून राहतो. खड्डा महिनाभर जाणवणे हे अनेकदा स्वाभाविकच असते. पण हिरडी मिटतच नाही, कडा कडक होतात, तेथून मांसाची वाढ दिसते, जबडा उघडत नाही किंवा ओठ बधिर राहतो, अशी लक्षणे तंबाखू घेणाऱ्या माणसात असल्यास थांबता उपयोगी नाही. दात मुळात हलू लागला तोच कर्करोगामुळे, असे क्वचित निघते. यासाठी 'भरली का?' या प्रश्नाऐवजी 'हिरडी मिटली का?' असे विचारावे. मिटणे हे डोळ्यांना दिसते. भरणे हे जबड्याच्या आत, क्ष-किरणांवाचून न दिसणारे काम आहे. तीन आठवड्यांनी हिरडी मिटलेली नसेल, तर ज्याने दाढ काढली त्याच्याकडे परत यावयाचे, हे वाक्य दाढ काढण्याच्या दिवशीच सांगून ठेवावे लागते. त्यानंतर तो रुग्ण, दुखेनासे झाले की, पुन्हा दवाखान्याच्या वाटेला जात नाही.